इको-फ्रेंडली काहीतरी सुचवा ना, बजेट शंभरच्या आत

दिवाळी जवळ आली की, आणि आता तर जानेवारीतल्या मॅरेथॉनच्या सीझनमध्ये पण, मला एकाच छापाचे व्हॉट्सॲप मेसेज यायला लागतात. "मॅम, काहीतरी इको-फ्रेंडली सुचवा, दोन-अडीचशे पीस, बजेट शंभरच्या आत, लोगो मोठा आला पाहिजे आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत हवंय." आता ह्यातल्या चारही अटी एकमेकींच्या जिवावर उठलेल्या आहेत हे समोरच्याला माहीत नसतं, त्याची चूक पण नाही, त्याला वरून कोणीतरी सांगितलेलं असतं की यंदा आपण ग्रीन काहीतरी देऊ.

मी पुण्यात स्क्रीन प्रिंटिंग आणि गिफ्टिंगचं छोटं काम करते. टी-शर्ट, पिशव्या, बाटल्या, डायऱ्या, मोमेंटो, जे म्हणाल ते. गिऱ्हाईक म्हणजे हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांचे एचआरवाले, सीएंची ऑफिसं, ट्रेकिंग ग्रुप, सायकल क्लब, ढोल पथकं, सोसायटीचे गणपती. सगळ्यांना मी तेच तेच फोनवर समजावत बसते म्हणून एकदा लिहूनच काढतेय, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवेन.

तर पहिली गोष्ट. वस्तू कशाची बनलीये हे सगळे विचारतात, पण ती घेणारा माणूस ती खरंच वापरणार का आणि किती दिवस, हे कोणीच विचारत नाही. माझ्या मते आधी ते विचारायचं, मग मटेरियल. बांबूचं असो नाहीतर सोन्याचं असो, माळ्यावर गेलं की सगळं सारखंच.

पिशवीपासून सुरू करू, कारण बहुतेक लोक शेवटी पिशवीवरच येऊन थांबतात. साड्यांच्या दुकानात, लग्नात आहेराबरोबर मिळते ना, ती कापडासारखी दिसणारी, अंगावर बारीक ठिपके उमटलेली हलकी पिशवी, ती कापडी नाहीये. तिला नॉन-वोव्हन म्हणतात आणि ती पॉलिप्रॉपिलीनची असते, म्हणजे प्लॅस्टिकच, फक्त तंतू करून दाबून बसवलेलं. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदी आली त्यात ही पिशवीसुद्धा होती, पहिल्या वेळेला पाच हजार दंड होता, आणि केंद्राच्या नियमात पण सप्टेंबर २०२१ पासून ६० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन) खालची चालत नाही. तरी आजही माझ्याकडे लोक हीच पिशवी दाखवून "हीच कापडी द्या" म्हणतात. ओळखायचं सोपं आहे, कोपऱ्याचा एक तुकडा कापा आणि काडी लावा. सुती असेल तर कागदासारखा जळून राख होईल, प्लॅस्टिक असेल तर वितळून कडक गोळी होईल. (गॅलरीत करा, वास येतो.)

मग सुती पिशवी घेतली की झालं का पुण्य? तर तसं पण नाही. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याच्या २०११ च्या अहवालात असं होतं की सुती पिशवी निदान १३१ वेळा वापरली तर कुठे ती एकदा वापरून टाकलेल्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते, नुसत्या कार्बनच्या हिशोबात. डेन्मार्कवाल्यांनी २०१८ ला हाच हिशोब केला, त्यांचा हवामानापुरता आकडा ५२ आला आणि पाणी, ओझोन वगैरे सगळे निकष धरले तर ७,१०० वेळा. ऑरगॅनिक कापसाचा तर २०,०००. हे आकडे फॉरवर्ड करून प्लॅस्टिकवाले खूश होतात, पण त्या डेन्मार्कच्या हिशोबात पिशवी उडून नाल्यात जाते, गाईच्या पोटात जाते हे धरलेलंच नाहीये, आणि आपल्याकडे तर २६ जुलै २००५ ला मुंबई तुंबली त्यात ह्या पिशव्यांचा वाटा किती होता ह्यावरूनच बंदीची चर्चा पेटली होती. त्यामुळे मी त्या अहवालांतून एवढंच घेते की सुती पिशवी वाटली म्हणजे काम झालं नाही, ती दोन-तीन वर्षं रोज वापरात राहिली तर झालं.

आणि मग प्रश्न येतो की ती वापरात राहावी म्हणून काय करायचं. कधीतरी मंडईत भाजी घेताना लोकांच्या हातातल्या पिशव्या नीट बघा, कितीतरी बायका छापील पिशवी उलटी करून वापरतात, आतली बाजू बाहेर. कारण बाहेरच्या बाजूला कोणत्यातरी पतसंस्थेचं नाव, चेअरमनचा फोटो, शाखांचे पत्ते आणि तीन फोन नंबर. फुकट जाहिरात करत कोणाला फिरायचंय? म्हणून माझं म्हणणं, लोगो लहान, एका रंगात, खालच्या कोपऱ्यात. त्याऐवजी बाकी पिशवीवर काहीतरी बघावंसं चित्र टाका, नाहीतर कोरीच ठेवा. कापड मांजरपाट घ्या, ब्लीच न केलेलं, तो जो मळखाऊ बदामीसर रंग असतो तो मस्त दिसतो आणि ब्लीचिंग-डाइंगचं पाणी वाचतं. खाली तळ द्या म्हणजे कलिंगड बसेल, बंद खांद्यात अडकतील एवढे लांब आणि जोडाला चौकोनी फुलीची टीप, कारण पिशवी फाटते ती तिथेच. ह्या सगळ्याला पीसमागे थोडे पैसे जास्त पडतात आणि पर्चेसवाले तेवढ्यावरच अडतात, मग मी सांगते की अडीचशेऐवजी दीडशे करा, ज्यांना हवी त्यांनाच द्या. इथे माझाच धंदा कमी होतो हे मला कळतं, पण तोच माणूस पुढच्या वर्षी परत येतो त्यामुळे शेवटी फिट्टंफाट.

आता टी-शर्ट. हा विषय मोठा आहे, चहा घेऊन बसा.

"एका सुती टी-शर्टला २,७०० लिटर पाणी लागतं" हे तुम्ही वाचलं असेलच, सगळीकडे फिरतं. तो जगाच्या सरासरीतून काढलेला आकडा आहे. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातला कापूस बहुतांश कोरडवाहू, पावसावर येणारा, त्याचं पाणी म्हणजे धरणाचं किंवा बोअरचं पाणी नाही. तिथले प्रश्न वेगळे आहेत, बोंडअळी, फवारणी, कर्ज, भाव, आणि ते काही टी-शर्टच्या लेबलवर येत नाहीत. टी-शर्टमध्ये पाण्याची खरी नासाडी बघायची असेल तर रंगाईकडे बघा. आपल्याकडे येणारं होजिअरीचं कापड मोठ्या प्रमाणावर तमिळनाडूतल्या तिरुप्पूरचं. तिथली नोय्यल नदी डाइंगच्या पाण्याने इतकी वाया गेली की जानेवारी २०११ मध्ये मद्रास हायकोर्टाने शेकडो रंगाई युनिट बंद करायला लावली, पाणी बाहेर सोडायचंच नाही, शुद्ध करून आतच परत वापरायचं ही अट आधीपासूनच होती, ती पाळेपर्यंत बंद. लांब कशाला जायचं, आपल्या इचलकरंजीत पंचगंगेवरून हीच भांडणं कितीतरी वर्षं चाललीयेत. त्यामुळे गिऱ्हाईक "ब्रँडचा एक्झॅक्ट शेड पाहिजे, पॅन्टोन नंबर देते" म्हणून हट्ट करतं तेव्हा मी आधी त्याला स्टॉकमधले रेडी रंग दाखवते. दोनशे टी-शर्टसाठी वेगळं कापड रंगवून घ्यायचं म्हणजे वेळ, पैसा, पाणी सगळंच, आणि लांबून कोणाला तो शेड ओळखू येत नाही, शपथ.

रनिंग क्लब आणि सायकलवाले मात्र सुती घालत नाहीत, त्यांचंही बरोबर आहे, घामाने जड होतं, अंग घासतं. त्यांना ड्राय-फिट लागतं म्हणजे पॉलिएस्टर. त्यात हल्ली रिसायकल पेटचं कापड मिळतं, बाटल्या वितळवून केलेलं. ही आयडिया नवीन नाहीये, २०१० च्या फुटबॉल वर्ल्ड कपला नायकीने काही टीमच्या जर्सी अशाच केल्या होत्या, एका जर्सीत आठपर्यंत बाटल्या, आणि आपल्याकडे फेब्रुवारी २०२३ मध्ये पंतप्रधान संसदेत इंडियन ऑइलने दिलेलं तसलं जाकीट घालून आले तेव्हापासून तर मला महिनाभर "ते मोदींच्या जाकिटाचं कापड मिळेल का" असे फोन. मिळतं. वाईट नाही. नव्या पॉलिएस्टरपेक्षा चांगलंच. पण एक लक्षात ठेवा, बाटलीची परत बाटली होऊ शकते, टी-शर्टचा परत टी-शर्ट आपल्याकडे जवळपास होत नाही, म्हणजे बाटलीचा प्रवास तिथे संपला, आणि धुताना त्यातून बारीक प्लॅस्टिकचे तंतू गळतात ते वेगळंच. जिथे घाम आहे तिथे घ्या. ऑफिसच्या फाउंडेशन डेला एसीत बसून केक कापायला पॉलिएस्टर कशाला?

छपाईबद्दल तर कोणी विचारतच नाही आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कदाचित माझा धंदा तो आहे म्हणून असेल. छातीवर ती जाड, हाताला रबरासारखी लागणारी प्रिंट असते ना, ती बहुतेक वेळा प्लॅस्टिसॉल, म्हणजे पीव्हीसीवाली शाई. सुती कापड घेऊन त्यावर ताटाएवढा पीव्हीसीचा थर चढवायचा आणि मग ऑरगॅनिक म्हणायचं. वॉटर-बेस शाई असते, ती कापडात मुरते, गडद कापडावर तेवढी उठून दिसत नाही हे खरं, पण हलक्या रंगाच्या टी-शर्टवर छान बसते आणि धुऊन धुऊन मऊ होत जाते. हल्ली डीटीएफ आलंय, फिल्मवर छापून प्रेसने चिकटवतात, एक पीस पण करून मिळतो, फोटोसारखा रंग येतो, सगळ्यांना तेच हवं असतं. ते पण शेवटी प्लॅस्टिकचा पापुद्राच, स्वस्तातलं असेल तर काही धुण्यांनंतर कडेला सुटायला लागतं. आणि हे सांगितल्यावर लोक हसतात पण खरं आहे, आपल्या घरात टी-शर्टचा शेवट कुठे होतो? आधी बाहेर, मग घरात, मग रंगपंचमीला, मग गाडी पुसायला. मोठ्या रबर प्रिंटच्या टी-शर्टचं धड फडकं पण होत नाही, पुढचा सगळा भाग पाणीच शोषत नाही! लहान प्रिंट घेतली तर निदान फडक्याचं तरी आयुष्य मिळेल त्याला.

ह्याहून मोठा घोळ म्हणजे साल. "वार्षिक स्नेहसंमेलन २०२४", "टीम आउटिंग लोणावळा", खाली बारा स्पॉन्सरचे लोगो. दहीहंडीच्या टी-शर्टवर तर नेत्यांचे फोटो, आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत त्यातला अर्धा माणूस दुसऱ्या पक्षात. असा टी-शर्ट दुसऱ्या दिवशी कोण घालणार. उलट ढोल पथकांचे कुर्ते बघा, पांढरा कुर्ता, बाहीवर नाहीतर पाठीवर पथकाचं नाव, साल नाही काही नाही, वर्षानुवर्षं तेच चालतात, मोठ्या भावाचा धाकट्याला होतो. पथकातली पोरं काही पर्यावरणाचा विचार करून हे करत नाहीत, पण कुठल्याही कंपनीच्या ग्रीन किटपेक्षा मला ते जास्त ग्रीन वाटतं. सालच हवं असेल तर एक छोटा कापडी बॅज द्या, ज्याला हौस आहे तो शिवून घेईल.

रेसवाल्यांसाठी अजून एक. ब्रिटनमध्ये ट्रीज नॉट टीज नावाचा उपक्रम आहे, नोंदणी करतानाच रनरला विचारतात की टी-शर्ट हवा की त्याऐवजी झाड लावू. आपल्याकडे झाड नको (ते लावलेलं पुढे कोण बघतं हा वेगळाच ब्लॉग होईल), पण फॉर्ममध्ये "टी-शर्ट नको" एवढा एक पर्याय टाकायला काय जातं? नियमित पळणाऱ्या माणसाकडे कपाटभर असतात, तो बिचारा कामवाल्या मावशींना, वॉचमनला देऊन थकलेला असतो. फी पन्नास रुपये कमी केली तर बघा किती जण टिक करतात. आणि साइज अंदाजाने सांगू नका, प्लीज. "मॅम एल जास्त काढा, बाकी थोडे थोडे" असं म्हणून केलेल्या प्रत्येक ऑर्डरमधले टोकाचे साइज क्लबच्या कोणातरी सेक्रेटरीच्या घरी दिवाणात पडलेले असतात.

बरं आता बनवाबनवी. बाजारात इको-फ्रेंडली म्हणून जे मिळतं त्यातल्या निम्म्यावर माझा विश्वास नाही. "व्हीट स्ट्रॉ"चे मग आणि डबे, ते फिक्कट ठिपक्यांचे, गव्हाच्या काडाचे म्हणून विकतात. त्यात काड असतो, पण तो धरून ठेवायला बहुतेक पॉलिप्रॉपिलीन असतं, म्हणजे ना ते कुजतं ना ते नीट रिसायकल होतं. "बांबू फायबर"चे कप, त्यात मेलामाइनचं रेझिन, म्हणजे एक प्रकारचं प्लॅस्टिकच, गरम चहा ओतला तर त्यातून नको ते बाहेर येऊ शकतं म्हणून २०२१ मध्ये युरोपियन युनियनने असल्या मालाविरुद्ध मोहीमच काढली होती. "बांबू कॉटन"चे मऊ टी-शर्ट, ते केमिकलमध्ये विरघळवून काढलेलं व्हिस्कोस. बाहेरून बांबू आणि आतून स्टीलची बाटली दिसते भारी, पण आपल्या पावसाळ्यात, विशेषतः कोकण-गोव्यात पाठवायची असेल तर घेऊच नका, बाहेरच्या बांबूला बुरशी धरते आणि धुवायला पाण्यात बुडवता पण येत नाही. कॉर्कच्या डायऱ्या सुंदर, पण कॉर्क येतो मुख्यतः पोर्तुगालहून. बियांचं पेन, ते मागे तुळशीचं-झेंडूचं बी असलेलं, आवडतं सगळ्यांना, पण रिफिल प्लॅस्टिकचीच आणि बी ड्रॉवरमध्ये पडून पडून उगवायचं विसरून जातं. आणि एका गिऱ्हाइकाला सीड पेपरचं, म्हणजे मातीत टाकलं की उगवणाऱ्या बियांच्या कागदाचं, कार्ड लॅमिनेट करून हवं होतं. मी नाही म्हणाले.

"कंपोस्टेबल" लिहिलेल्या पिशव्यांबद्दल पण थोडं. त्यांना सीपीसीबीचं, म्हणजे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं, सर्टिफिकेट लागतं, आणि त्या कुजतात त्या मोठ्या प्लांटमधल्या तापमानाला, तुमच्या गॅलरीतल्या कुंडीत नाही.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर ऑरगॅनिक कापसासाठी जीओटीएस आणि रिसायकलसाठी जीआरएस ही दोन नावं लक्षात ठेवा. सप्लायर तुम्हाला जे फ्रेम केलेलं सर्टिफिकेट दाखवतो त्याचा अर्थ एवढाच की त्याची फॅक्टरी तपासलेली आहे. तुमचा माल त्यातला आहे का ह्यासाठी त्या लॉटचं ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट लागतं, ते मागा. लगेच चेहरा पडतो. आणि कागद पण खोटे निघतात, २०२० मध्ये जीओटीएसवाल्यांनीच जाहीर केलं होतं की भारतात वीस हजार टन कापूस खोट्या कागदांवर ऑरगॅनिक म्हणून गेला. छोट्या ऑर्डरला हे कागद मिळणं अवघडच, मग सरळ "सुती पिशवी" म्हणा, ऑरगॅनिक म्हणू नका. कंपन्यांनी तर जपूनच, कारण ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्रीनवॉशिंगच्या गाइडलाइन काढल्यात, "इको-फ्रेंडली", "ग्रीन" असले मोघम दावे पुराव्याशिवाय करायचे नाहीत. पिशवीवर हिरवं पान आणि "सेव्ह अर्थ" छापून घेणाऱ्यांनी हे एचआरला नाही, लीगलला विचारावं.

मग देऊ काय, असं विचाराल तर माझ्या आवडीच्या गोष्टी फार थोड्या आहेत. सोलापूरचा टॉवेल किंवा नॅपकिन, काठाला क्लबचं नाव विणून नाहीतर भरतकाम करून. ट्रेक ग्रुपला मी कायम पातळ सुती पंचा सुचवते, डोक्याला बांधा, घाम पुसा, दगडावर टाकला की दहा मिनिटांत वाळतो, आणि ट्रेक सोडून दिला तरी घरात लागतोच. स्टीलची साधी एकपदरी बाटली, ३०४ ग्रेड विचारून घ्या, आणि नाव लेझरने कोरून, कारण छापलेलं महिन्याभरात खरवडतं. पुण्यात रीचरखा आणि इकोकारी आहेत, प्लॅस्टिकच्या पिशव्या-वेष्टनांच्या पट्ट्या कापून चरखा-हातमागावर विणून त्याच्या बॅगा-पाउच करतात, महाग आहेत पण दहा लोकांना द्यायच्या असतील तर शंभर लोकांना पेनं देण्यापेक्षा ते करा. मेळघाटात लवाद्याचं संपूर्ण बांबू केंद्र आहे, बांबूच्या राख्यांमुळे बऱ्याच जणांना माहीत असेल, तिथला बांबू म्हणजे खरा बांबू. सत्काराला ॲक्रिलिकचा मोमेंटो देणं बंद करा हे तर मी स्वतः मोमेंटो विकत असून सांगते, शाल-श्रीफळ द्या, पुस्तक द्या, नारळ निदान खोबरं तरी देतो.

जुन्या कार्यक्रमांचे फ्लेक्स पडलेले असतील तर ते फेकू नका, त्याच्या बॅगा शिवून देणारे बचत गट आहेत. नवीन माल म्हणून नाही, पण ट्रेकला ओले बूट टाकायला त्याच्यासारखं काही नाही.

ऑर्डर देताना दोन-तीन गोष्टी सांगून ठेवा. प्रत्येक टी-शर्टला वेगळी पारदर्शक पिशवी नको, एका खोक्यात साइजप्रमाणे गठ्ठे द्या म्हणा, पावसाळा असेल तर खोक्याला आतून एकच मोठं अस्तर पुरतं. हे सांगितलं नाही तर पॅकिंगवाला सवयीने प्रत्येकाला पिशवी घालणारच. वेळ निदान तीन आठवडे ठेवा, मांजरपाटाच्या पिशव्या शिवायला बायका बसतात, मशीनमधून पडत नाहीत, आणि गणपतीच्या आधी शिलाईवाल्या बायका मिळतच नाहीत. आणि डिझाइनवर साल-तारीख नसेल तर मी स्क्रीन (छपाईची जाळी) धुऊन टाकत नाही, ठेवून देते, मग एकदम अडीचशे करायची गरज नाही, आधी साठ घ्या, लागले तर परत चाळीस सांगा, स्क्रीनचे पैसे दुसऱ्यांदा लावत नाही.